आईला अल्झायमर, जीनच्या रिपोर्टात ई-४ : व्यायामाबद्दल अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आई ७२ वर्षांची आहे. गेल्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, अजून सुरुवातीचीच पायरी आहे. आम्ही साताऱ्यात राहतो, न्यूरॉलॉजिस्ट पुण्याचे. नव्या अँटिबॉडी इंजेक्शनांची चौकशी केली तेव्हा त्यांनी आधी एपीओई या अल्झायमरच्या धोक्याशी संबंधित जीनची तपासणी करायला सांगितली, कारण ई-४ प्रकार असलेल्यांना त्या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा, बारीक रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. रिपोर्टात ई-४ च्या दोन्ही प्रती निघाल्या, म्हणजे एक आजोबांकडून, एक आजीकडून. इंजेक्शनांचा विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून दादाचं एकच पालुपद : "रक्तातच आहे तर तिला रोज कशाला दमवतेस? बसू दे की निवांत." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जमेल तेवढं वाचून काढलं.

ई-४ ची एक प्रत असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असं सांगतात. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. शिवाय हा धोका आजार होण्याचा आहे. झाल्यावर व्यायाम उपयोगी पडतो की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि मला उत्तर त्याचं हवंय.

डेन्मार्कमध्ये सौम्य अल्झायमरच्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. आठवड्यातून तीनदा तासभर, चांगली धाप लागेल असा व्यायाम, १६ आठवडे. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर विचारांच्या वेगात फरक दिसला नाही, पण चिडचिड, उदासी अशी लक्षणं व्यायाम करणाऱ्यांत कमी राहिली. नंतर त्याच रुग्णांची ई-४ नुसार विभागणी करून पाहिली, तर ई-४ वाल्यांना फायदा जास्त झालेला दिसला. गट लहान होते, त्यामुळे मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही, पण "जीनमध्ये आहे म्हणून व्यायाम वाया" या म्हणण्याच्या हे बरोबर उलट आहे. दुसरीकडे २०१८ साली आलेल्या ब्रिटनमधल्या ४९४ जणांच्या चाचणीत जोरकस व्यायामाने अंगातली ताकद वाढली, स्मृती-आकलन मात्र सुधारलं नाही, उलट किंचित घसरलेलं दिसलं. दादा नेमका हाच दाखला देतो.

आमच्या घरी दिसतं ते असं. "उजवा पाय उचल" म्हटलं की आई गोंधळते, कधी चिडते. मी समोर उभी राहून काही न बोलता करत गेले की ती बघून बघून सगळं करते. ओटा धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मोजायला लावलं तर आकडे चुकतात आणि तिला वाईट वाटतं, म्हणून आम्ही "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत ताल धरतो. तो कधी चुकत नाही. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालून आलेल्या दिवशी संध्याकाळचं "मला माझ्या घरी सोड" बरंच कमी होतं. स्मरणशक्ती परत येईल या आशेवर मी नाही. ती स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जावी, पडू नये, रात्री झोपावी, एवढ्यासाठी मला हे हवंय.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी, आणि इथल्या फिजिओ मंडळींनी कृपया सांगा : बीपीची गोळी आणि दुखरे गुडघे असताना धाप किती लागू द्यावी? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत चालतो आम्ही. हे पुरेसं आहे का? पावसाळ्यात चालणं बंद पडलं की घरात काय करून घेता? सातारा-कराड भागात डिमेन्शियाच्या रुग्णांची सवय असलेले, घरी येणारे फिजिओ कोणाला माहीत आहेत का? नंबर इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणखी एक. आईच्या दोन्ही प्रती ई-४ म्हणजे दादाकडे आणि माझ्याकडे एकेक आलेलीच आहे. माझी मुलगी २३ वर्षांची आहे, ती तपासणी करून घेते म्हणतेय. तिच्याकडे ती आलेली असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यात कोणी असं समुपदेशन घेतलं असेल तर तिथे काय विचारतात, काय सांगतात, तेही लिहा.