शब्दचर्चा : बढतीच्या यादीत नक्की काय डावललं जातं – मेरिट, गुणवत्ता की ज्येष्ठता?

‘मेरिट’ला मराठीत काय म्हणावं, हा माझा प्रश्न भाषांतरासाठी नाही. गेली कित्येक वर्षं हा शब्द मला टोचतो आहे, म्हणून विचारते.

मी महसूल खात्यात आहे. २०१४ साली मागासवर्गीय बिंदूवर, म्हणजे क्रमाने राखीव ठेवलेल्या जागेवर, अव्वल कारकून म्हणून बढती मिळाली. निवडसूची लागली त्या दुपारी शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता मेरिटला काही किंमतच उरली नाही.” सहा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्लेला. मी रजेवर असले की माझ्या संचिका तो पुढे सरकवायचा. तो माझ्याआधी दोन वर्षं नोकरीला लागला आणि यादीत माझ्या खाली राहिला. त्याला वाईट वाटणं मला कळलं. पण त्याने वापरलेला शब्द आजही कळलेला नाही.

त्या रात्री ज्येष्ठता यादीची झेरॉक्स घरी आणून एकेक रकाना वाचला. अनुक्रमांक, नाव, जन्मदिनांक, प्रवर्ग, नियुक्तीचा दिनांक, महसूल अर्हता परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक, शेरा. गुणांचा रकाना नव्हताच. अर्हता परीक्षेतले गुणसुद्धा तिथे लिहीत नाहीत, ती कधी सुटली एवढंच लिहितात. ठरलेल्या मुदतीत आणि संधींत सुटली नाही तर ज्येष्ठता खाली जाते. म्हणजे अख्ख्या यादीत मोजलेलं होतं ते दिवस, महिने, वर्षं. मग मेरिट आलं कुठून?

माझी समजूत अशी की गेली ती त्याची ज्येष्ठता. ‘माझी ज्येष्ठता डावलली’ असं तो म्हणाला असता तर मी त्याच्याशी वाद घातला असता, कदाचित काही मुद्दे मान्यही केले असते. पण ‘मेरिट’ म्हटलं की बोलणं त्याच्या तक्रारीवरून थेट माझ्या अकलेवर येतं. जाणकारांनी या शब्दांची थोडी फोड करावी.

प्रतिसाद
ताई, ‘मेरिट’ हा शब्द आपल्याकडे आला बोर्डाच्या परीक्षेतून. दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात गुणवत्ता यादी यायची, ‘अमक्याचा मुलगा बोर्डात आला’ असं गावभर व्हायचं. त्यामुळे मराठी डोक्यात गुणवत्ता म्हणजे गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेली नावं. ‘गुण’ हा मूळ शब्द किती मोठा आहे बघा. औषधाचा गुण येतो. हाताला गुण असतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला – या म्हणीत तर वाण आणि गुण समोरासमोर उभे केलेत. रंग उपजत, गुण मात्र सहवासाने लागतो. पण ‘गुणपत्रिका’ छापली गेली आणि गुण हा आकडा झाला. पुढे नोकरी लागली तरी माणूस त्याच आकड्याने स्वतःला आणि शेजाऱ्याला मोजत राहतो. तुमच्या सहकाऱ्याच्या मनात बहुधा भरतीच्या वेळचे गुण असणार.

प्रतिसाद
तुमच्या पदाच्या नावातच ही गुंतागुंत आहे, लक्षात आली का? ‘अव्वल’ म्हणजे अरबीत पहिला. ‘अव्वल इंग्रजी अमदानी’ म्हणतो तेव्हा फक्त सुरुवातीचा काळ, तो चांगला की वाईट याच्याशी देणंघेणं नाही. ‘अव्वल नंबर’ म्हटलं की तोच शब्द सर्वोत्तम होतो. आधीचा आणि उत्तम, दोन्ही एकाच शब्दात. कारकुनांत ‘अव्वल’ म्हणजे वरच्या पायरीचा, एवढंच. पण कानाला तो ‘सगळ्यांत हुशार’ असाही ऐकू येतो, आणि खाली राहिलेल्याला तेच लागत असावं.

धागाकर्ती
हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. रोज दहा वेळा पदनामाचा शिक्का मारते मी! मनापासून आभार.

प्रतिसाद
मी खुल्या प्रवर्गातला, एकाच पदावर सतरा वर्षं काढलेला. ताईंशी अर्धाच सहमत आहे. राग ज्येष्ठतेचा असतो हे खरं. पण मेरिट अगदीच नसतं असं कसं म्हणता? निवडसूचीच्या आधी विभागीय पदोन्नती समिती पाच-पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, म्हणजे साहेबांनी आपल्या कामावर लिहिलेले शेरे, बघते. शिवाय २००० सालच्या ८२व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीत गुणांची आणि मूल्यमापनाच्या निकषांची सवलत द्यायला परवानगी दिली. म्हणजे मोजमाप कुठेतरी होतं आणि ते सगळ्यांना सारखं नसतं. हे बोलून दाखवलं की लगेच आम्ही जातीयवादी ठरतो. ही घुसमटही खरी आहे, तिच्यासाठीही शब्द सुचवा.

धागाकर्ती
दादा, तुम्ही सरळ बोललात ते बरं केलंत. घुसमट मला मान्य आहे. ८२व्या दुरुस्तीचंही बरोबर आहे. पण ती ज्या कलमाला जोडली त्या ३३५व्या कलमात शब्द आहे प्रशासनाची कार्यक्षमता. ‘गुणवत्ता’ तिथे नाही, सरकारी नोकरीतल्या समान संधीच्या १६व्या कलमातही नाही. कार्यक्षमता कामातून दिसते, आधीच्या गुणपत्रिकेतून नाही.

आणि कोर्टातली भांडणं बघा. सर्वोच्च न्यायालयाचा इंद्रा साहनी निकाल १६ नोव्हेंबर १९९२चा. त्यात बढतीत आरक्षण नको असं ठरलं. त्यावर १९९५ साली ७७वी घटनादुरुस्ती झाली आणि बढतीत आरक्षणाची मुभा देणारं १६(४अ) आलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरक्षणातून आधी वर गेलेल्याला खुल्या प्रवर्गातल्या ज्येष्ठाने नंतर गाठलं, तर त्या ज्येष्ठाला त्याची जुनी ज्येष्ठता परत मिळेल. मग २००१ साली ८५वी दुरुस्ती आली, की बढतीबरोबर येणारी ज्येष्ठताही टिकेल, आणि तीही मागे जाऊन १७ जून १९९५ पासून. किती वर्षांची ही ओढाताण, आणि ती चालली कशावर? आधी कोण, नंतर कोण, यावर. आपल्या राज्यात बढतीत आरक्षण देणारा २५ मे २००४चा शासन निर्णय, उच्च न्यायालयाने तो रद्द केला ४ ऑगस्ट २०१७ला, पुढे ७ मे २०२१चा शासन निर्णय. त्यात पदोन्नतीची सगळी पदं कशाने भरायची तर सेवाज्येष्ठतेने. शासनाच्या कागदाला नेमका शब्द माहीत आहे. आपल्याच तोंडात तो येत नाही.

गोपनीय अहवालाचं म्हणाल तर मी स्वतः ते बांधून ठेवलेत. माझ्या कार्यालयात तरी ‘अ’ श्रेणी नसलेला अहवाल शोधावा लागायचा. साहेबांची बदली व्हायच्या आठवड्यात वीस-वीस अहवाल एका बैठकीत लिहिलेले बघितलेत, शाईसुद्धा एकच.

प्रतिसाद
गोपनीय अहवालावरून लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांचं प्रकरण आठवलं. फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम नियुक्तीचा हक्क दिला. पण निवड करताना त्यांचे पहिल्या पाच किंवा दहा वर्षांपर्यंतचेच अहवाल धरले गेले, आणि कितीतरी जणी बाद झाल्या. २५ मार्च २०२१च्या निकालात याचं कारण नीट मांडलं आहे : ते अहवाल लिहिले जात होते तेव्हा या बायकांना पुढे कायम नियुक्तीच नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते लक्ष देऊन लिहिलेच गेले नव्हते. वरवर सगळ्यांना सारखा निकष, प्रत्यक्षात तो भेदभाव. मला वाटतं ‘मेरिट’ या शब्दाबरोबर ‘मोजमाप’ हा शब्द बांधूनच ठेवला पाहिजे. कोणी मोजलं, कधी मोजलं, कशासाठी मोजलं.

त्याच्याही आधीचं उदाहरण सी. बी. मुथम्मा यांचं. भारतीय विदेश सेवेतल्या त्या पहिल्या महिला, १९४९पासून नोकरीत. वरच्या श्रेणीतली बढती नाकारली तेव्हा कारण दिलं गेलं गुणवत्तेचंच. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा, असे नियम तेव्हा बाईसाठी होते. खटला चालू असतानाच सरकारने बढती देऊन टाकली. १९७९च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांना चांगलंच फटकारलं आणि मुथम्मांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करा असं सांगितलं. बघा, शेवटी इथेही गाडी ज्येष्ठतेवरच आली.

प्रतिसाद
पुण्यात एका कंपनीत काम करते. आमच्याकडे आरक्षण नाही, ‘डायव्हर्सिटी’ आहे. मागच्या वर्षी टीम लीड झाले तेव्हा पेढ्यांचा बॉक्स फिरवत होते. एकाने पेढा उचलला आणि म्हणाला, “डायव्हर्सिटीचा पेढा, गोड आहे.” सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन बॉक्स तसाच फ्रिजमध्ये ठेवला, दोन दिवस उघडला नाही.

मराठीत याला ‘विविधता’ म्हणतात, पण हा शब्द मला पटत नाही. शाळेत रोज हात पुढे करून म्हटलेली प्रतिज्ञा आठवते, ‘समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा’. विविधता म्हटली की ती नटलेलीच असते. शोभेला ठेवलेली. वार्षिक अहवालात फोटो काढायला बोलावतात ना, अगदी तशी.

धागाकर्ती
पेढ्याचं वाचून पोटात कालवलं. विविधतेबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी पटलं. कायद्यात शब्द आहे ‘पुरेसं प्रतिनिधित्व’. तो ऐकायला रुक्ष आहे, पण त्यात कुणाला नटवलेलं नाही. तिथे बसणं हा हक्क आहे, एवढंच तो सांगतो. खासगी कंपन्यांनीही हाच शब्द घ्यावा असं मला फार वाटतं.

प्रतिसाद
निवृत्त संस्कृत शिक्षक. दोन शब्द जोडतो. ‘पात्र’ म्हणजे भांडं. सत्पात्री दान म्हणतो तेच. भांड्यात मावेल की नाही एवढाच प्रश्न असतो, पहिलं भांडं-दुसरं भांडं असा क्रम त्यात नाही. म्हणून परीक्षा सुटली की माणूस पात्र झाला, संपलं. त्यानंतर कोण अधिक पात्र हे विचारणं शब्दाच्या स्वभावातच बसत नाही. ‘लायकी’चाही मूळ अर्थ तोच, पण आपण ती ‘काढतो’. कुणाची पात्रता काढली असं ऐकलंय का कधी? शिवी फक्त लायकीची होते.

आणि भवभूतीच्या उत्तररामचरितातली ओळ : गुणाः पूजास्थानं गुणिषु न च लिङ्गं न च वयः। गुणी माणसात पूजा गुणांची, बाई की पुरुष हे बघायचं नाही, वयही नाही. ही ओळ सत्कार समारंभात गुणवत्तेच्या बाजूने नेहमी ऐकवतात. मूळ प्रसंगात अरुंधती ती सीतेबद्दल म्हणते. सीता वयाने लहान, शिवाय स्त्री, आणि टाकलेली. जिला मान नाकारला गेला तिच्या बाजूने उच्चारलेलं हे वाक्य आहे. आज ते तिच्यासारख्यांनाच बाहेर ठेवायला वापरतात, याचं मला खरंच दुःख होतं.

प्रतिसाद
‘डावलणे’ राहिलं. ते ‘डावा’वरून. उजवीकडे मान, डावीकडे बाजूला सारणं. त्यात सारणारा हात गृहीत आहे, म्हणून ‘डावललं’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केलं असा आरोप येतो. बिंदुनामावलीत, म्हणजे राखीव आणि खुल्या जागांच्या ठरलेल्या क्रमात, तसा हात नसतो, क्रम आधीच छापलेला असतो. वशिल्याचं तट्टू पुढे दामटलं तर जरूर ‘डावललं’ म्हणा. नियमाने मागे राहिलात तर ‘मागे पडलो’, ‘थांबावं लागलं’ असं म्हणता येईल. वरच्या दादांना हवा असलेला शब्द कदाचित हाच : खोळंबा.

प्रतिसाद
(सतरा वर्षंवाला) खोळंबा चालेल. मुलाच्या फीचं वर्ष होतं, बढती आली असती तर कर्ज काढावं लागलं नसतं. माझं मेरिट गेलं असं मीही म्हणायचो. गेली होती वेतनश्रेणी.

धागाकर्ती
तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, दादा.

काल रात्री हा धागा त्या जुन्या सहकाऱ्याला पाठवला. तो आता दुसऱ्या तालुक्यात आहे, २०१६ साली तोही अव्वल कारकून झाला. सकाळी त्याचा निरोप आला : “सगळं वाचलं. ज्येष्ठता यादीतला नियुक्तीचा रकाना पुन्हा बघ. माझी तारीख तुझ्या आधीची आहे. मला एवढंच म्हणायचं होतं.”

कपाटातली ती झेरॉक्स काढून पाहिली. आहे आधीची. दोन वर्षं आणि अकरा दिवस.