१६ कोर, तरी मोजणी एका थ्रेडपेक्षा सावकाश?

फोंड्याचो_काजूवालो:
सत्तरी तालुक्यातल्या काजूबागांचे ड्रोनने काढलेले फोटो तपासून झाडं मोजणारा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये लिहिलाय. जुन्या मशीनच्या प्रोसेसरमध्ये ४ कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे ४ भाग; त्यावर एका बागेला ४० मिनिटं जायची. चतुर्थीचा खर्च आवरून १६ कोरचं घेतलं, तर २२ मिनिटं. मग प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅमचा कोरवर स्वतंत्र चालणारा धागा) वेगळा काउंटर दिला, १६ काउंटर एका अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीत ओळीने शेजारी शेजारी; एका वेळी एकालाच लिहू देणारं लॉक नाही. आता मोजणीचा भाग एका थ्रेडपेक्षाही सावकाश! बायको विचारते, जुनं काय वाईट होतं?

चोडणकार:
४० आणि २२ मांडून बघ. कोर सारखेच धरले तर वाटून होणारं काम ९६ मिनिटांचं आणि न वाटता येणारं १६ मिनिटांचं निघतं. हजार कोर लाव, १६च्या खाली जाणार नाहीस. कॉम्प्युटर बनवणाऱ्या जीन अ‍ॅमडालने १९६७ सालीच हे सांगून ठेवलंय. फोटो एकाच थ्रेडवर वाचतोस ना?

म्हापसेकर_बाब:
काउंटर तुला वेगळे दिसतात, प्रोसेसरला नाही. कॅश, म्हणजे कोरजवळची छोटी वेगवान मेमरी, ६४ बाइटच्या ओळीने चालतो, म्हणजे ८ बाइटचे ८ काउंटर एकाच ओळीत. एका कोरने आपला काउंटर वाढवला की ती ओळ बाकीच्यांच्या कॅशमधून बाद; पुढच्याने ती पुन्हा ओढून आणायची. दिवसभर ओढाताण. ओळ लहान केली असती तर सलग डेटा वाचताना फेऱ्या वाढल्या असत्या, आणि ओळींचा हिशेब ठेवायलाही जास्त जागा गेली असती. कॅश जुळवत बसण्याची कटकट टाळणारेही झाले: प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरच्या छोट्या कोरना प्रत्येकी २५६ किलोबाइट स्वतःची मेमरी होती, डेटा आणणं-नेणं प्रोग्रॅमरच्या गळ्यात. वेग होता, पण लिहिणारे रडले. तू प्रत्येक थ्रेडमध्ये लोकल काउंटर ठेव, बेरीज शेवटी एकदाच कर.

फोंड्याचो_काजूवालो:
देव बरें करूं! मोजणी सुटली, फोटोही वाटून वाचले. पण ८ थ्रेडनंतर वेग वाढतच नाही.

चोडणकार:
रॅम कुठली?

फोंड्याचो_काजूवालो:
डीडीआर४-३२००, दोन चॅनल.

चोडणकार:
म्हणजे रॅममधून फार तर सेकंदाला ५१.२ जीबी डेटा येणार, १६ कोरांत वाटले की प्रत्येकाला ३.२. आमच्या रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग कितीही लांबव, फेरीबोट तेवढ्याच गाड्या नेणार. एक फोटो तुकड्यांनी कॅशमध्ये आण, त्यावरचं सगळं काम उरकूनच पुढच्या तुकड्याला हात लाव.

फोंड्याचो_काजूवालो:
मी तर अख्ख्या फोटोवरून तीन वेळा फिरतोय. रविवारी बसतो.