गाडी उजवीकडे वळवताना पुढच्या डाव्या चाकातून घासल्यासारखा आवाज येतो : निदानासाठी मदत हवी आहे

माझी गाडी मॅन्युअल गिअरची हॅचबॅक असून तिचे पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. गाडी उजवीकडे वळवली की पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने धातूवर धातू घासल्यासारखा खर्र-खर्र आवाज येतो आणि गाडी सरळ झाली की तो जवळजवळ नाहीसा होतो. डावीकडे वळताना तो येत नाही. वेग वाढला की आवाजाची लयही वाढते. मोकळ्या मैदानात वळणावर क्लच दाबून पाहिला, तरी फरक पडला नाही, त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्सशी त्याचा संबंध नसावा. एक्सलचे रबरी बूट दोन्ही बाजूंनी शाबूत आहेत आणि टायर मूळ मापाचेच आहेत.

पुढचे ब्रेक पॅड बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला. ज्या गॅरेजमध्ये ते काम झाले, तेथे आता पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलावी लागतील असे सांगितले आहे; मात्र चाक वर उचलून कोणी पाहिलेले नाही. खर्च करण्यापूर्वी दोष नक्की कोठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे आणि तोपर्यंत गाडी चालवणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आवाज स्टीअरिंग फिरल्यामुळे येतो की चाक फिरल्यामुळे, हे आधी वेगळे करायला हवे. गाडी उभी असताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा; तेव्हा करकर झाली किंवा स्प्रिंग उसळल्यासारखा धक्का जाणवला, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या माउंटकडे पाहावे लागेल. आपल्या वर्णनावरून मात्र हा चाकाच्या फिरण्याचाच आवाज दिसतो. बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाजवळचा, रबरी बुटातला सांधा) बिघडला की पूर्ण कट मारून अ‍ॅक्सिलरेटर देताना टक-टक होते, आणि बहुतेक वेळा त्याआधी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेले असते. तेव्हा तो तूर्त बाजूला ठेवू.

गॅरेजची शंका अगदीच निराधार नाही, कारण उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो आणि डावे बेअरिंग खराब असेल तर ते तेव्हाच जास्त बोलते. परंतु बेअरिंगचा आवाज सहसा सलग घरघरीचा असतो, आणि दोष वाढला की सरळ रस्त्यावरही वेगात ऐकू येतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा खर्र होत असेल, तर काहीतरी घासत आहे. ब्रेकच्या कामानंतर आवाज सुरू झाला असल्याने माझा पहिला संशय डिस्कमागच्या पातळ पत्र्यावर, म्हणजे डस्ट शील्डवर आहे. त्याच्यात आणि डिस्कमध्ये फट फारच कमी असते, आणि काम करताना हात किंवा पाना लागून तो सहज वाकतो. वळणावर भाराने हब (चाक व डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) किंचित कलते व डिस्क त्याला टेकते. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलण्याचे मात्र काहीच कारण मला दिसत नाही.

सपाट जागी मागच्या चाकांना अडणी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी जॅकवर उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवा. तेथे ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा), फक्त तीन आणि नऊच्या जागी जाणवला तर टाय रॉड (स्टीअरिंग चाकाला जोडणारा दांडा). मग गिअर न्यूट्रलला ठेवून, एक हात कॉइल स्प्रिंगवर टेकवून, दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगचा खरखरीतपणा स्प्रिंगवर बोटांना कळतो. चाक ढिले निघाले तर गाडी चालवू नका.

प्रतिसाद २

वळणावर आवाज चालू असताना ब्रेक हलकेच दाबून पाहा. आवाज बदलला तर पॅड, त्यांच्या क्लिपा किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तपासावे लागतील. डिस्क आणि पत्र्यामध्ये बारीक खडा अडकला तरी असाच आवाज येतो, म्हणून पत्रा वाकवण्यापूर्वी आत टॉर्च मारून पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. चाक काढल्यावर पत्र्याच्या खालच्या कडेला नखाएवढी चकचकीत रेघ दिसली आणि त्याच उंचीवर डिस्कच्या मागच्या कडेलाही घासल्याची खूण होती. बारा-सहाला ढिलेपणा मुळीच नव्हता. पत्रा हाताने मागे ओढल्यावर तो आवाज गेला. मात्र स्प्रिंगवर हात ठेवला असता डाव्या बाजूला उजवीपेक्षा किंचित जास्त कंप जाणवतो. बेअरिंग आताच बदलावे का?

प्रतिसाद १

ढिलेपणा नाही आणि घरघरही नाही, म्हणून थांबायला हरकत नाही; टायरची अदलाबदल करताना तीच तपासणी पुन्हा करा. कधी बदलावेच लागले आणि बेअरिंग प्रेसने बसणाऱ्या प्रकारचे असेल, तर नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसते त्या सस्पेन्शनच्या भागात) बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा असतो. आतल्या कडीवर दिला, तर गोळ्यांचे ठसे उमटून नवे बेअरिंगही आवाज करू लागते. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकीय कडा असेल तर ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी. हबचा नट नवा वापरून टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाप्रमाणे आवळून घ्या, आणि तो आवळण्यापूर्वी चाकावर गाडीचा भार देऊ नका.