अनुभव धागा: चार्जर काढला की लॅपटॉप बंद! तुमच्याकडे कारण काय निघालं?

आमच्या वागळे इस्टेटच्या बाजूला शुक्रवारी देखभालीसाठी वीज जाते. घरून काम करणाऱ्यांची सगळी भिस्त तेव्हा बॅटरीवर. माझा लॅपटॉप ३५ टक्के दाखवत असतानाच फटकन बंद होतो, सूचनाही येत नाही. चार्जरवर दिवसभर बिनबोभाट चालतो. दुकानदार न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतोय. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कारण कसं शोधलं ते सविस्तर लिहा.

ऐरोली
चार्जर काढून बायोसचा (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जचा) स्क्रीन उघडा ठेवा. तिथे विंडोज चालूच नसते, त्यामुळे तिथेही बंद पडला तर विंडोज नव्याने टाकण्यात पैसे घालवू नका. माझा पडला. बॅटरी बदलल्यावर त्रास संपला.

वाशी, दुरुस्तीचं काम करतो
वरच्या चाचणीत लॅपटॉप टिकला म्हणून बॅटरी चांगली, असं मात्र समजू नका. बायोसमध्ये लोड कमी असतो. टक्के हा निव्वळ अंदाज असतो, खरा खेळ व्होल्टेजचा. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि ३ च्या आसपास रिकामा धरतात. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. व्हिडिओ कॉल लावला की प्रोसेसर एकदम करंट ओढतो, पॅकमधल्या सगळ्यात कमजोर सेलचा व्होल्टेज बसतो आणि संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. विंडोजला आवरायलाही वेळ मिळत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, पण त्याचा अर्थ लॅपटॉप नीट शटडाउन झाला नाही इतकाच.

पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीवरचा ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ५० टक्क्यांवर आणून बघा. तसा टिकला आणि पुन्हा १०० केल्यावर पडला, तर माझा पहिला संशय बॅटरीवरच. बोर्डाला हात लावण्याआधी चांगली बॅटरी जोडून बघायला सांगा.

कळवा
कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, स्लॅश, ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. त्या अहवालातली ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) ताडून पाहा. माझ्याकडे दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली होता.

नेरूळ
टचपॅडचं क्लिक जड झालं होतं आणि टेबलावर लॅपटॉप डुगडुगत होता. बॅटरी फुगलेली निघाली! असं दिसलं तर कळकळीने सांगते, चार्जिंग लगेच थांबवा. दाबू नका, टोचू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळीच द्यायची असते.

घोडबंदर रोड
आमचा लॅपटॉप मांडीवरून उचलला की बंद, मग ९० टक्के असो की २०. मुलाच्या हातून बॅग पडली होती, त्यात आतला बॅटरी कनेक्टर सैल झाला होता. कारागिराने तो नीट बसवून दिला, नवी बॅटरी लागलीच नाही. टक्के बघून नव्हे तर हलवल्यावर बंद होत असेल, तर आधी हेच तपासून घ्या.