हात सुन्न आहे पण आग थांबत नाही. ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरीवाले (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला मार लागलेले) कुणी आहे का इथे?

नाइलाजाने_डावखुरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. एका हाताने टाइप करतोय, तेही डाव्या, त्यामुळे चुका पोटात घाला.

मागच्या वर्षी पावसाळ्यात बाईक स्लिप झाली आणि उजव्या खांद्यावर आपटलो. हेल्मेटमुळे डोकं वाचलं पण मान एकीकडे नि खांदा दुसरीकडे असा ताण बसला की हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसा मानेपाशीच गेल्या. मणक्यातून हाताकडे निघणारी नसांची जी पाच मुळं असतात, सी५ ते टी१, त्या पाचही मुळांना मार आहे, त्यातली खालची दोन तर मणक्यातून उपटूनच निघालीत. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं, बरगड्यांमधल्या नसा वळवून दंडाच्या नसेला जोडल्या. आता चौदा महिने झालेत आणि खोकलो की कोपर आपोआप जरासं वाकतं. घरात सगळ्यांना याचं इतकं कौतुक की पाहुणे आले की मला खोकून दाखवायला लावतात.

पण दुखणं तसंच आहे. हाताला सुई टोचली तरी कळत नाही, मागच्या महिन्यात कुकरला मनगट टेकलं ते मला वास आल्यावर समजलं, आणि त्याच हाताची बोटं चोवीस तास कुणीतरी उसाच्या चरकात घालून ठेवल्यासारखी वाटतात. त्यात मधूनच करंट बसतो, खांद्यापासून करंगळीपर्यंत, दहापंधरा सेकंद, की तोंडातलं वाक्य अर्धंच राहतं. मी झेडपी शाळेत शिक्षक आहे. पोरांना वाटतं सर पुढचं विसरले, मग तीच पूर्ण करून देतात.

नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन गोळी चालू आहे, त्याने दुपारी पेंग येते, चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि दुखणं जेमतेम रुपयातले चार आणे कमी झालं असेल. एका डॉक्टरांनी तर सांगितलं की हाताला संवेदनाच नाही तर दुखेल कसं, मनातून काढून टाका. त्या दिवसापासून मलाच शंका यायला लागलीय की मी नाटक तर करत नाही ना. रात्री सगळ्यात वाईट. तुम्ही रात्र कशी काढता?

नऊ_वर्षं_झोळीत

दादा, नाटक नाही. मी नऊ वर्षांचा जुना आहे, डावा हात, तोच प्रकार, फक्त माझ्या बाबतीत बाईकला टेम्पोने कट मारला होता.

मला एका सर्जननी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. दुखणं हातात नाहीच आहे. मूळ उपटलं गेलं की मज्जारज्जूतल्या ज्या पेशींना रोज हाताकडून निरोप यायचे त्यांना काहीच येईनासं होतं, आणि मग त्या गप्प बसण्याऐवजी स्वतःच बोंबलत सुटतात. मेंदूला वाटतं हातच ओरडतोय. म्हणून हात सुन्न आणि हातच पेटलेला, दोन्ही एकदम खरं. डायक्लो, पॅरासिटामॉल यांनी म्हणूनच हे हलत नाही, मी सुरुवातीला पाकिटंच्या पाकिटं खाल्ली नि पोटात आग लावून घेतली ती वेगळीच. बरं हे काही आजचं नाही, अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून नसांना इजा झालेल्या सैनिकांबद्दल वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने १८६४ मध्येच लिहून ठेवलंय, नस अर्धवट दुखावलेले ते लोक हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसायचे इतकी आग व्हायची.

रात्रीचं म्हणाल तर मला प्रीगॅबालिनचा संध्याकाळचा डोस वाढवून सकाळचा कमी करून दिला आणि झोपताना अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ जोडली, ती मूळची डिप्रेशनची गोळी पण नसांच्या दुखण्यावरही देतात. डॉक्टरांना विचारूनच, आणि प्रीगॅबालिन एकदम बंद करायची नाही, मी एकदा शहाणपणा केला तर तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्यावर दारू तर अजिबात नको. दुसरं म्हणजे काम. मी हार्मोनियमचा भाता दुरुस्त करत बसलो की दुखणं मागच्या खोलीत जातं, आणि लाइट बंद करून पडलो की उशाशी येऊन बसतं. म्हणून मी झोप येईपर्यंत पडतच नाही.

खरं सांगायचं तर पूर्ण गेलेलं नाही. शॉक दिवसाला चाळीस होते ते आता पाचसहावर आलेत. आग आहे, पण ती आता शेजारच्या मिक्सरसारखी झालीय, चालू असते, लक्ष गेलं तरच त्रास.

आबा_सातारकर

महानारायण तेल कोमट करून चोळा आणि वर गरम विटेचा शेक द्या, आमच्या भावकीतल्या एकाचा गेलेला हात दोन महिन्यांत उठला.

ओटी_ताई

आबा, राग मानू नका पण सुन्न हाताला शेक म्हणजे थेट भाजणं, ते वर कुकरचं लिहिलंय तेच होईल. तेल हलक्या हाताने लावा हवं तर, कातडी कोरडी पडते तिला बरंच आहे, पण नस काही तेलाने जुळत नाही. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मानेपासून पंजापर्यंत मोजून बघा किती महिने होतात, आणि तोवर पंजाचे बारीक स्नायू वाळून गेलेले असतात. भावकीतल्यांची नस बहुतेक नुसती ताणली गेली असेल, तुटली नसेल, तशी आपोआप सुधारू शकते.

सर, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तुमच्यासारख्यांकडून मी आधी दोन गोष्टी करून घेते. एक, हात लोंबकळत ठेवायचा नाही, खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि नसेच्या दुखण्यात सांध्याचं दुखणं मिसळतं, मग कुठलं कुठलं तेच कळत नाही. खांद्याला आधार देणारा स्लिंग घ्या, नुसती गळ्यातली झोळी नको. दुसरं, रोज अंघोळीनंतर डोळ्यांनी हात तपासायचा, नखांपासून कोपरापर्यंत, कारण आता हाताची राखण डोळ्यांनीच करायची आहे. आरशाचा व्यायाम करून बघा, चांगला हात आरशासमोर हलवायचा नि दुखरा आरशामागे लपवायचा, म्हणजे दुखराच हलतोय असं दिसतं. काहींना फरक पडतो, काहींना शून्य, खर्च मात्र फक्त आरशाचा. टेन्सचं मशीन (कातडीवर पट्ट्या लावून हलका करंट देणारं) सुन्न भागावर लावू नका, जिथे संवेदना आहे तिथेच, आणि पहिल्यांदा कुणाकडून तरी शिकून.

मधुराची_आई

आमच्या ह्यांना सहा वर्षं झाली. औषधं सगळी करून दमलो तेव्हा पेन क्लिनिकमधून (जुनाट दुखण्यावर उपचार करतात तिथून) ड्रेझ नावाच्या ऑपरेशनचं सुचवलं, मज्जारज्जूत मूळ जिथे उपटलं तिथेच बारीक चटके देतात. शॉक जवळजवळ गेले, आग निम्मी राहिली. पण पायात अशक्तपणा येण्याचा धोका असतो हे आधी नीट सांगितलं होतं, ह्यांचा पाय दीड महिना ओढत होता, त्यामुळे घाई करू नका, आधी पेन क्लिनिक गाठा. भूलतज्ज्ञ असतात तिथे बरेचदा.

आणि एक घरचं सांगते. थंडीत फार वाढतं, ह्यांना डिसेंबरात लोकरीचा बाही-मोजा शिवून दिलाय जुन्या स्वेटरचा. करंट आला की मी आधी "काय झालं, काय झालं" करायची, त्याने ते जास्त चिडायचे. आता मी भाजी चिरत राहते, ते मान हलवतात, झालं. तुमच्या मिसेसना हे वाचायला द्या.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंत का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर नोकरीवरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही, शिक्षक आहात म्हणून सांगते.

नाइलाजाने_डावखुरा

सगळ्यांचे आभार. मागच्या खोलीत जातं हे वाचून डोळ्यात पाणी आलं हो, मला वाटायचं शाळेत कमी दुखतं म्हणजे खरंच दुखत नसेल.

कार्डाचा अर्ज भरायला घेतोय. पेन क्लिनिकची सोमवारची वेळ मिळालीय, गोळ्यांच्या वेळा आणि अमिट्रिप्टिलिनबद्दल विचारतो. ओटी ताई, स्लिंग नुसती झोळीच होती, खांद्यात दोन बोटं जातील एवढी खाच पडलीय, ती भरून येते का?

नऊ वर्षंवाले दादा, मी हार्मोनियम वाजवत नाही पण रात्री फळ्यासारखं मोठं अक्षर डाव्या हाताने वहीत गिरवतो. परवा दुसरीतली एक म्हणाली, सर, तुमचा 'क्ष' माझ्यासारखाच येतो.

ओटी_ताई

उशीर झालाय, पण आधार नीट दिला तर आणखी सरकणं थांबतं. खांद्याचे स्नायू थोडे परत आले तर खाचही कमी होते. सोमवारी खांद्याचा एक्सरे उभं राहून काढायला सांगा, झोपून काढला तर ती खाच दिसत नाही.