सातबाऱ्यावरचा 'आर' कुठला, आणि मीटर एवढाच लांब का?

पिंपळपार
वाटणीसाठी गावच्या जमिनीचे कागद काढलेत. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४२.०० असं हे.आर.चौ.मी.मध्ये आहे आणि चुलते गुंठ्याशिवाय बोलत नाहीत. हेक्टर ऐकून माहीत होतं, पण हा आर आला कुठून? त्यात आठवीतल्या लेकीने दुसरंच काढलं: "मीटर एवढाच लांब का? थोडा मोठा का नाही?" शाळेत 'फ्रान्समध्ये ठरलं' एवढ्यावर भागवलंय. कोणी नीट सांगेल का?

जुना_भूकरमापक
ताई, भूमी अभिलेखात नोकरी झाली माझी, आता निवृत्त आहे. आधी तुमच्या कामाचं सांगतो. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, १०० चौ.मी. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, कारण आमची मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर, त्यामुळे गुंठा आणि आर इतके जवळ येतात की गावात दोन्ही एकच धरतात. तुम्ही धरू नका. गुंठा भरतो १०१.१७ चौ.मी. म्हणजे तुमचे ४२ आर हे साडेएक्केचाळीस गुंठे. अर्ध्या गुंठ्यावरून भावकीत बोलणं बंद झालेलं पाहिलंय.

आर आला ७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्यातून. राज्यक्रांतीनंतरचे दिवस. तोवर तिथे गावागणिक मापं वेगळी होती. या कायद्याने लांबीला मीटर, जमिनीला आर, जळाऊ लाकडाला स्टेर, ओल्या-कोरड्या मालाला लिटर आणि वजनाला ग्रॅम ठरवलं. शंभर आरांचा हेक्टर. लिटर, ग्रॅम, आर सगळे मीटरवरूनच काढलेले: १० सेंमी बाजूच्या घनात मावेल तो लिटर, १ सेंमी बाजूच्या घनातलं पाणी म्हणजे ग्रॅम.

आणि मीटर काढला पृथ्वीवरून. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, पॅरिसवरून जाणाऱ्या रेखावृत्तावर, जेवढं अंतर होईल त्याचा एक कोटीवा हिस्सा. कुठल्या राजाच्या हाताचं माप नको, उद्या दुसऱ्या देशालाही आपलं म्हणता यावं, हा विचार. ध्रुवावर कोण जाणार? म्हणून फ्रान्समधलं डंकर्क ते स्पेनमधलं बार्सिलोना एवढाच तुकडा मोजला. दोन्ही टोकं समुद्रकाठची आणि ४५ अंश अक्षांशाच्या दोन बाजूंना. काम दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांचं: उत्तरेकडचा भाग दलांब्रने घेतला, दक्षिणेकडचा मेशँने. १७९२ ला निघाले, १७९८ उजाडलं.

पद्धत आमचीच, त्रिकोणांची. चर्चचा मनोरा, किल्ला, डोंगरमाथा असे बिंदू धरायचे आणि एकावरून दुसऱ्याचे कोन घ्यायचे. जमिनीवर प्रत्यक्ष पट्ट्या टाकून मोजल्या त्या फक्त दोन रेषा, एक पॅरिसजवळ मलँला आणि दुसरी ताळ्यासाठी पर्पिन्याँजवळ. पट्ट्या प्लॅटिनमच्या. बाकी सगळं अंतर गणिताने. दलांब्रने खुणेसाठी पांढरं कापड लावलं, तर लोकांनी त्याला राजाचा माणूस समजून धरलं, कारण पांढरा हा राजेशाहीचा रंग. मोजणीला गेल्यावर लोक काठ्या घेऊन येतात हा अनुभव मलाही आहे, पण तिथे तेव्हा मुंडकी उडत होती.

मेशँची गोष्ट मात्र मनाला लागते. बार्सिलोनात त्याने माँज्विकच्या किल्ल्यावरून ताऱ्यांवरून अक्षांश काढला. मग युद्ध लागलं, किल्ल्यावर जायला मिळेना, म्हणून शहरातल्या खाणावळीतून पुन्हा काढला. दोन्हींत सुमारे ३ सेकंद कोनाचा फरक आला (हा सेकंद वेळेचा नव्हे, अंशाचा ३६०० वा भाग). जमिनीवर तो ९० मीटरच्या आसपास जातो. त्याने तो कोणाला सांगितला नाही, वह्यांतले आकडे जुळवून ठेवले आणि त्याच काळजीत पुन्हा मोजणीसाठी स्पेनला गेला. १८०४ मध्ये तापाने तिथेच वारला. वह्या हाती आल्यावर दलांब्रला सगळं कळलं. माणूस कष्टाळू, पण आकडा दाबणं मी तरी माफ करणार नाही. तफावत लिहून ठेवली तर पुढचा तिचं कारण शोधतो.

गंमत म्हणजे मीटर ०.२ मिमीने आखूड पडला तो मुख्यतः पृथ्वीमुळे. तिच्या चपटेपणाचा धरलेला आकडा बरोबर नव्हता. खरं अंतर १०,००० किमी नसून सुमारे १०,००२ किमी आहे.

खडू_फळा
मोजणीदारकाका, मस्त. लेकीसाठी भर घालतो. मीटरला दुसरा उमेदवारही होता, लंबक. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर १ सेकंद लागेल अशा लंबकाची लांबी पॅरिसला ९९.४ सेंमी भरते. पण गुरुत्वाकर्षण जागेप्रमाणे बदलतं. मुंबईत तोच लंबक साधारण २ मिमी आखूड लागेल. घरी करून बघा: दोऱ्याला नट बांधा, टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत ९९ सेंमी ठेवा, झोका लहान द्या आणि मोबाइलवर वेळ लावा. ३० वेळा जाऊन परत यायला ६० सेकंद लागतात.

आजची मूळ एककं सात: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपियर, केल्विन, मोल, कँडेला. ही व्यवस्था १९६० ची, त्यात मोल १९७१ ला आला.

पिंपळपार
दोघांचेही आभार! लेक विचारतेय, ०.२ मिमीची चूक कळली तर मीटर दुरुस्त का नाही केला?

जुना_भूकरमापक
शाबास पोरी. १७९९ मध्ये मीटरची प्लॅटिनमची पट्टी फ्रान्सच्या सरकारी दप्तरात जमा झाली आणि सगळ्या पट्ट्या तिच्यावरून निघाल्या. वहिवाट ज्या दगडावर चालते तो दगड चार बोटं सरकवून कोणाचंच भलं होत नाही. म्हणून पट्टी ठेवली आणि पृथ्वी सोडली. १८७५ ला १७ देशांनी पॅरिसमध्ये करार केला, १८८९ ला प्लॅटिनम-इरिडियमची नवी पट्टी आली. आता १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर. ज्यावरून किलो ठरायचा तो धातूचा ठोकळाही २० मे २०१९ पासून निवृत्त, माझ्यासारखा.

आडगिऱ्हाईक
एवढं रामायण करून आपण सोनं तोळ्यात, प्लॉट स्क्वेअर फुटात आणि उंची फूट-इंचातच सांगतो. १९५८ पासून मेट्रिक वजनं आली म्हणे!

खडू_फळा
फ्रान्सनेही तेच केलं. लोक ऐकेनात म्हणून नेपोलियनने १८१२ मध्ये जुन्या नावांना परवानगी दिली, पण मापं आतून बदलली: तोआझ हे लांबीचं जुनं माप दोन मीटरचं आणि लिव्हर हे वजनाचं जुनं माप ५०० ग्रॅमचं. मेट्रिकची सक्ती परत आली ती १ जानेवारी १८४० पासून. आपल्या सराफाकडेही तोळा आता सरळ १० ग्रॅम धरतात, जुना होता ११.६६ चा. आणि फ्रान्सच्या बाजारात आजही लिव्हरभर चेरी मागितल्या तर भाजीवाली अर्धा किलो जोखून देते.