थर्मोस्टॅट हलवला? दुसरा लावला? लिहा अनुभव

आडवाट
काल ड्रॉवर आवरताना जुना गोल थर्मोस्टॅट (घर किती तापवायचं ते ठरवणारा भिंतीवरचा डबा) हाताला लागला आणि पहिल्या घरातला हिवाळा आठवला. सासरे आलेले. मागच्या खोलीत त्यांची दातखीळ बसायची वेळ, आणि पॅसेजमधला काटा निवांत ७० (फॅरनहाइट) दाखवतोय. मी जाऊन ७४ करायचे, नवरा उठून ६८. पंधरा दिवस हेच. मग एका दुपारी भिंतीला सहज हात लागला, तर ती गरम! समोरच्या खिडकीतलं ऊन बरोब्बर तिथे, शिवाय त्याच भिंतीतून फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, गरम हवेचा डक्ट वर गेलेला. त्या बिचाऱ्या थर्मोस्टॅटला घर गरमच वाटत होतं. हॉलमध्ये आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाचेक फुटांवर हलवून घेतला. जुन्या भोकावर पांढरी पट्टी. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कानटोपी काढली, हेच सर्टिफिकेट.
तुमचं काय? ड्रॉवर तसाच पडलाय, तोवर वाचते.

खटपट्या
तो गोल केरात टाकू नका हं! आत काचेच्या नळीत पारा असतो. घातक कचरा घेतात तिथे द्या. पाऱ्याचा थेंब कलंडला की स्विच चालू-बंद, म्हणून तो भिंतीवर जरा तिरका बसला तरी तापमान चुकायचं. हनीवेलने १९५३ साली आणला होता, डिझाइन हेन्री ड्रायफसचं. देखणा होता पण.

गारठा
आमचा न हलवताच बरा झाला. मागचं वायरचं भोक एवढं मोठं की भिंतीतली गार हवा थेट डब्यात. फर्नेस थांबेचना. पुट्टी भरली, संपलं. आधी कव्हर काढून हात लावून बघा.

मीच_ती
आमच्याकडे टीव्ही बरोब्बर त्याच्या खाली. मॅच लागली की घर थंड. नवऱ्याला तीन वर्षं पटलं नाही 😄

अर्धा_इंजिनियर
मी दुसरा लावला. म्हणजे काय केलं, वरच्या मजल्यावर नवीन बसवला आणि तारा पहिल्याच्याच तारांना जोडल्या. फार हुशारी वाटली. झालं असं की दोघांतला कुणीही थंडी म्हणाला की फर्नेस सुरू, आणि गरम हवा दोन्ही मजल्यांवर. वर ठीक, खाली भट्टी. टेक्निशियन बघून नुसता हसला. दोन थर्मोस्टॅट म्हणजे दोन झोन: डक्टमध्ये मोटरवाले डँपर (हवा अडवणाऱ्या झडपा) आणि त्यांना हुकूम सोडणारा बोर्ड. तेवढा उत्साह नव्हता. एकच नवा घेतला, त्याचा सेन्सर बेडरूममध्ये ठेवला, रात्री फक्त त्याचंच ऐक असं सेट केलं. खाली गार पडतं, पण रात्री खाली असतं कोण?

मीच_ती
मांजर.

अर्धा_इंजिनियर
ती केव्हाच वर आलीय. सेन्सरवरच झोपते.

पोटमाळा
वायर ओढण्याबद्दल कुणीच बोलेना? वरून सोडली, अर्ध्यात अडकली. आग पसरू नये म्हणून भिंतीत आडवी लाकडं असतात, हे तेव्हा कळलं. मेव्हणा खाली भोकात हँगर घालून बसलेला. "दिसली का?" "नाही." दोन तास. आणि ओढली काय, तर दोन तारांची! पुढच्या वर्षी वायफायवाला आणला, त्याला सी वायर हवी, म्हणजे सतत वीज पुरवणारी जादा तार. परत मेव्हणा, परत हँगर. ओढताच आहात तर पाच नाहीतर आठ तारांची ओढा, उरलेल्या मागे गुंडाळून ठेवा. आणि फर्नेसची पॉवर बंद करून. २४ व्होल्टच असतात, पण तारा एकमेकींना लागल्या की बोर्डावरचा फ्यूज उडतो. आमचा उडाला, रविवारी रात्री.

गारठा
मेव्हण्याला सलाम 🙏

कपड्यांच्या_घड्या
घाईत लिहितेय. २४ व्होल्ट सगळीकडे नसतात!! आमचे भिंतीलगतचे इलेक्ट्रिक हीटर, थर्मोस्टॅटमध्ये थेट २४०. तारा जाड दिसल्या तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा नि इलेक्ट्रिशियन बोलवा. ड्रायर वाजला, येते.

भाडेकरू
आम्हाला कसलं हलवायला मिळतंय. घरमालकांनी वर कुलपाची पेटी ठोकलीय. पेटीवर गार पाण्याचा रुमाल टाकला की थोड्या वेळात फर्नेस सुरू. अनुभव म्हणून लिहितोय, सल्ला नाही.

आडवाट
ओला रुमाल!! हहपुवा 😂 सासऱ्यांना सांगायला नको.

खटपट्या
अवांतर: रेडिएटरवाल्यांनी प्रत्येक रेडिएटरला वेगळा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप बंद होणारा) लावावा, भिंत फोडायला नको. फक्त मुख्य थर्मोस्टॅटच्या खोलीत लावू नका, दोघांचं जुंपतं.

कपड्यांच्या_घड्या
आडवाट, सासरे आता कसे आहेत गं?

आडवाट
मस्त! नव्या घरात थर्मोस्टॅट त्यांच्या दाराशेजारीच आहे. आता ७६ ते करतात.